सात जिभा आणि एक दगडी फळ

शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, अंधेरीतल्या एका कॉलेजच्या अन्नतंत्र विभागात, डॉ. किरण वागळे यांनी आपली संशोधक विद्यार्थिनी अपूर्वा मुणगेकर हिला विचारलं, "हे आकडे तू घरी बसून बनवलेस का?"

वागळे मॅडम कधी ओरडत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवणं हीच त्यांची ओरडण्याची रीत होती, आणि या क्षणी चष्मा टेबलावर होता.

"नाही मॅडम," अपूर्वा म्हणाली.

"सात बायका, चार नमुने. प्रत्येक नमुन्याला सातही जणींनी अगदी तोच गुण दिलाय. अर्ध्या गुणाचाही फरक नाही. या विभागात आपण पाच माणसं आहोत. चहात साखर किती घालायची, यावर आपलं आजवर एकमत झालेलं तू पाहिलंस?"

"त्यांच्या जिभा चांगल्या असतील, मॅडम."

"जिभा चांगल्या असू शकतात. झेरॉक्स नसतात. सॉफ्टवेअर काय म्हणालं?"

"एरर येत होता."

"मग तू काय केलंस?"

"मला वाटलं, लॅपटॉप जुना झालाय."

मॅडमनी डोळे मिटले. माणसामाणसांत फरकच नसेल तर गणितात शून्यानं भागायची वेळ येते आणि तिथे सॉफ्टवेअरही हात टेकतं, हे त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी बाकीचंही सांगितलं. आकडे बनवलेले निघाले तर प्रबंध जाईल, फेलोशिप जाईल, नाव जाईल. "माझंही जाईल. पण ते तुझ्यानंतर."

शेवटी त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पुढच्या शनिवारी मी स्वतः येते. त्याच बायका, तेच घर, नवे नमुने. माझ्यासमोर."

अपूर्वा बाहेर आली आणि जिन्यात बसली. तिला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. तिला मोठं आश्चर्य वाटत होतं, कारण ते आकडे खरे होते. तिनं ते स्वतःच्या हातांनी गोळा केले होते.

*

हे सगळं त्या फळामुळे झालं होतं.

फळाचं नाव क्विन्स. काश्मीरकडे होतं. दिसायला सफरचंद आणि पेअर यांच्या भांडणात जन्मल्यासारखं, पिवळं, बेढब, अंगावर लव. वास असा की खोलीत एक ठेवलं तर शेजारचा विचारतो, कुठलं अत्तर लावलंत? मात्र कच्चं खायला जावं तर तोंड आवळतं आणि दाताखाली वाळू येते. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा म्हणून जे बी मिळतं ते याचंच. बीला गिऱ्हाईक आहे, गराला कोणी विचारत नाही.

श्रीनगरच्या एका मैत्रिणीनं पेटी पाठवली तेव्हा अपूर्वानं दोन फळं बोरिवलीला घरी नेली. तिचे वडील, दशरथ मुणगेकर, मालवणकडचे आणि आल्यागेल्या प्रत्येक फळावर मत असणारे. त्यांनी हौसेनं विळी मांडली, फळ पात्यावर टेकवलं, दाबलं, मग उकिडवे बसून दोन्ही हातांनी दाबलं.

"ह्या फळ न्हय गो," ते शेवटी म्हणाले. "धोंडो आसा. माझ्या आवशीचो आडाळो मोडशीत."

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून होतं. क्विन्सच्या गरात ठिकठिकाणी दगडपेशींचे पुंजके असतात. या पेशींच्या भिंती लिग्निननं भरून जाड झालेल्या असतात, आणि लाकडाला लाकूडपण जे देतं ते हेच लिग्निन. त्यावर विशिष्ट औषधाचा आणि ॲसिडचा थेंब टाकला की ते लालभडक होतं. अपूर्वानं फळाची पातळ चकती काचेवर ठेवून थेंब टाकला तेव्हा पिवळ्या गरावर कुंकवाचे शिंतोडे उडाल्यासारखे ठिपके उमटले होते. तिनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मावशीनं खाली दोन हात जोडलेले पाठवले.

क्विन्सची वडी करायची तर जगभर गर शिजवून गाळतात आणि वर राहिलेला चोथा फेकतात. अपूर्वाचं म्हणणं असं होतं की फेकायचं कशाला? चोथा वाळवायचा, दळायचा आणि पुन्हा वडीतच घालायचा. पोटाला तंतू मिळतील, फळ वाया जाणार नाही, आणि उद्या बिस्किटात, पावात, कशातही घालता येईल. प्रश्न एवढाच की किती बारीक दळलं म्हणजे कचकच लागायची थांबते. हे यंत्र सांगू शकत नाही. जीभ सांगते.

आणि जिभा मिळेनात. विभागातली मुलं पहिल्या नमुन्यानंतर जिन्यानं खाली गेली ती वर आली नाहीत. तेव्हा प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणारी ॲमांडा परेरा म्हणाली, "यार, माझ्या घरी चल. मरोळ गावठाणात. माझी मम्मी आणि तिची गँग नाताळाला पेरूचं चीज, म्हणजे पेरूची घट्ट गोड वडी, करतात. पेरूतपण दगडपेशी असतातच ना? त्या बायका फडक्यातून एक कण खाली गेला तरी ओळखतात. एकदा माझ्या बर्थडे केकच्या साखरेवरून बेकरीवाल्याला परत बोलावलं होतं."

म्हणून अपूर्वा मरोळला गेली.

*

ॲमांडाची मम्मी, डोरोथी परेरा, ही सत्तरीला टेकलेली, पण आवाज चाळिशीचा. तिची जाऊ फ्रेडा दोन घरं सोडून राहायची. ती बारीक, गप्प, आणि बोललीच तर वाक्याचा शेवट डोरोथीकडे बघून करणारी. बाकीच्या पाच जणी त्याच आळीतल्या. पुढच्या खोलीत लांब टेबलाभोवती सात खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना अपूर्वानं खोक्यांचे पुठ्ठे कापून आडोसे उभे केले होते, एकीनं दुसरीचं बघू नये म्हणून.

"हे काय गो, इलेक्शन?" डोरोथीनं विचारलं.

"कन्फेशन," दुसरी म्हणाली. "आता पोरीला पापं सांगायची. तुना वेळ लागल, डोरोथी, मना आधी बसू दे."

अपूर्वानं लिग्निन समजावून सांगितलं. सेल्युलोज म्हणजे एकाच जातीच्या मण्यांची सरळ माळ. लिग्निनचं तसं नाही. त्यात तीन जातींचे मणी असतात आणि ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो चिकटतो. कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते सांगता येत नाही, म्हणून ते फोडणं कठीण आणि पचवणं त्याहून कठीण.

"म्हणजे आमचा गावठाण," डोरोथी म्हणाली. "ज्याला जिकडं जागा भेटली तिकडं त्यानं खोली काढली. म्युनिसिपालटीलापण फोडता नाय येत."

"आणि ते आम्ही खायचं?" फ्रेडानं विचारलं, डोरोथीकडे बघून. "लाकूड?"

"अगदी थोडं, आंटी. बारीक करून."

वडीचा रंग पाहून आणखी चौकशी झाली. पांढरट गराची वडी अशी माणकासारखी लाल कशी? रंग घातलास? नाही, अपूर्वा म्हणाली, फार वेळ शिजवलं की फळातल्या टॅनिनचाच रंग पालटतो. सातही जणींनी मान हलवली, पण विश्वास एकीचाही बसला नाही.

गुण द्यायचे ते कचकचीला: शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे दाताखाली वाळू. प्रत्येक नमुन्याला तीन आकडी खूण होती, क्रमावरून अंदाज बांधता येऊ नये म्हणून. "चारशे सतरा?" एकीनं वाचलं. "हाउसीत नव्वदच्या वर आकडा नसतो, पोरी. ही तिकिटं खोटी हायत." कोणाला कवळी वगैरे आहे का, हेही अपूर्वानं नियमाप्रमाणे विचारून घेतलं. सातही माना नाही म्हणून हलल्या.

आणि मग, आपल्या तोंडावरच्या भावांचासुद्धा परिणाम होऊ नये म्हणून, ती खोलीबाहेर गेली. नियमात तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तिला ते अधिक शास्त्रीय वाटलं. बाहेर ओट्यावर डोरोथीचा नवरा अर्बन बसला होता. आतून बराच वेळ कुजबूज ऐकू येत होती.

"प्रार्थना करतायत का, अंकल?" अपूर्वानं विचारलं होतं.

अर्बननं कान दिला, विचार केला आणि म्हणाला, "एवढ्या हळू त्या फक्त देवाशी बोलतात."

*

त्या शनिवारी दुपारी, वागळे मॅडमच्या खोलीतून निघालेली अपूर्वा ॲमांडाला घेऊन मरोळला पोचली तेव्हा डोरोथी मागच्या दारी बसून पेरू निवडत होती. नाताळ अजून लांब होता, पण पेरू तोंडावर आले होते.

"मम्मी," ॲमांडानं उभ्या-उभ्याच विचारलं, "त्या दिवशी मार्क तुम्ही एकेकटीनं दिले ना?"

"एकेकटीनं?" डोरोथीचा हात थांबला. "एकेकटीनं कशाला? आम्ही काय पहिल्यांदा चव बघतो? आडोशाच्या वरून विचारून घेतलं. एक बोलली तीन, दुसरी बोलली पाच, मग परत खाल्लं, परत बोललो, सगळ्यांचं एक झालं तवा लिहिलं. बरोबर लिहिलं. तू बघ त्यात चूक हाय का."

अपूर्वा पाट ओढून तिच्यासमोर बसली.

"आंटी, पण प्रत्येकीनं आपलं-आपलं लिहायचं होतं. म्हणून तर आडोसे होते."

"ते आम्हाला वाटलं, माश्या येतील म्हणून."

मग डोरोथीनं तिला समजावलं, आणि तिच्या आवाजात वागळे मॅडमचाच धीर होता. पेरूचं चीज हे एकीच्या हाताचं काम नाही. सकाळपासून हंडी चढते, आळीपाळीनं घोटतात, हात भरून येतात. गर कडा सोडायला लागला की खरी परीक्षा. लवकर उतरवलं तर घट्ट होत नाही, उशिरा उतरवलं तर दगड. म्हणून नियम असा की कोणा एकीच्या शब्दावर हंडी उतरत नाही. एकाच चमच्यातून सगळ्यांनी चाखायचं, आणि सगळ्या तोंडांनी 'झालं' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.

"सासूच्या सासूपासून?" अपूर्वानं विचारलं.

"नाय गो. फ्रेडापासून."

फ्रेडा नवी सून असताना तिनं एका नाताळाला एकटीनं 'उतरवा' म्हटलं होतं. त्या वर्षी अख्ख्या आळीनं पेरूचं चीज वाटीतून प्यायलं. त्याला अजून फ्रेडाचं सरबत म्हणतात. तेव्हापासून नियम झाला आणि तेव्हापासून फ्रेडा वाक्याचा शेवट डोरोथीकडे बघून करते.

"आंटी," अपूर्वा म्हणाली, "माझ्या मॅडमना वाटतंय, हे आकडे मी खोटे बनवले. सगळ्यांचं सारखं आलं म्हणून. माझं सगळं जाईल."

डोरोथीनं हातातला पेरू टोपलीत टाकला. "सारखं आलं म्हणून खोटं? हा कुठला न्याय? आमचं वेगळं आलं असतं तर आम्ही एकमेकींशी बोललो नसतो!"

पण बाई मनाची चांगली. संध्याकाळपर्यंत तिनं सातही जणींना गोळा केलं. पोरीच्या मॅडमना वेगवेगळे आकडे हवेत, हे ऐकल्यावर कोणीही खळखळ केली नाही. अपूर्वा चहा घेऊन आत आली तेव्हा बैठक रंगात होती.

"तू चार बोल. मी सहा बोलते."

"मना सहा दे ना. मागच्या वेळेलापण मी तुझंच लिहिलं."

"फ्रेडा, तुना तीन."

"बरं," फ्रेडा म्हणाली.

"थांबा, थांबा!" अपूर्वानं चहाचा ट्रे तिथेच टेकवला. "हे काय करताय?"

"वेगवेगळं," डोरोथी म्हणाली. "तुझ्या मॅडमला पायजे तसं. सगळ्यांचं एकमत झालंय, कोणी किती वेगळं लिहायचं."

ॲमांडानं भिंतीला कपाळ टेकवलं. "मम्मी, आता खरोखरच वाट लागेल."

अपूर्वा त्या क्षणी मोहात पडली, हे सांगितलं पाहिजे. सात आकडे, खरे वाटतील एवढे वेगळे, पाहुणचारासह तयार होते. मॅडम येतील, बघतील, जातील. पण आजवर तिनं काहीच बनवलेलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट तिच्याकडे उरली होती आणि ती चहाच्या ट्रेवर ठेवून देऊन टाकायला ती तयार होईना.

"नाही आंटी. ठरवायचं नाही. वेगळंही ठरवायचं नाही. तोंडाला जे लागेल ते लिहायचं, आणि कोणाशी बोलायचं नाही."

पहिल्यांदा तोंड उघडलं ते फ्रेडानं.

"आणि माझं चुकलं तर?"

"चुकत नाही त्यात काही, आंटी. तुम्हाला जे लागेल तेच बरोबर."

"मग हंडी कोणी उतरवायची?" डोरोथीनं संशयानं विचारलं.

"या वेळी हंडीच नाही."

हे डोरोथीला मुळीच पटलं नाही. फ्रेडा मात्र आपल्या कपाकडे बघत राहिली.

*

पुढच्या शनिवारी वागळे मॅडम रिक्षातून उतरल्या तेव्हा आळीतल्या प्रत्येक खिडकीत कोणीतरी काही ना काही वाळत घालत होतं. अर्बननं ओट्यावर इस्त्रीचा शर्ट घालून त्यांचं स्वागत केलं. "तुम्ही त्या पोरीच्या फादर कन्फेसर काय?" तो म्हणाला. मॅडम हसल्या नाहीत.

नमुने नवे होते. फ्रीझरमध्ये उरलेलं सगळं फळ त्यांत गेलं होतं, आणि नवं आता पुढच्या शरदात. वड्यांचे छोटे चौकोन, जाडसर दळलेल्या चोथ्यापासून पिठासारख्या बारीकपर्यंत. अपूर्वाचा सगळा प्रबंध त्या शेवटच्या, पिठासारख्या नमुन्यावर उभा होता. त्यात चोथा पुरेपूर होता, आणि तो जिभेला लागू नये एवढीच तिची मागणी होती.

मॅडम खोलीतच बसल्या, दाराशी, शाळेच्या परीक्षेला बसावं तशा. अपूर्वाला त्यांनी कोपऱ्यात उभं केलं.

सात बायका गप्प होत्या. गावठाणाच्या इतिहासात असं झालं नसावं. चावण्याचा आवाज, पाण्याचा घोट, खडूसारखी करकरणारी पेन्सिल. डोरोथी पुठ्ठ्याआड अस्वस्थपणे हलत होती. दुसऱ्या नमुन्याला तिनं गुणगुणायला सुरुवात केली.

"गाणं नको," मॅडम म्हणाल्या.

"गाणं नाय, मॅडम. विचार करते."

"विचार मनात."

डोरोथीनं सुस्कारा सोडला तो इतका अर्थपूर्ण होता की मॅडमनी तिच्या खुर्चीशेजारी जाऊन उभं राहणं पसंत केलं.

कागद गोळा झाले. मॅडमनी ते तिथेच टेबलावर पसरले आणि चष्मा नाकावर खाली सरकवून वाचले. अपूर्वा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"हं," मॅडम म्हणाल्या. "असे दिसतात खरे आकडे."

जाडसर नमुन्याला कोणी सात, कोणी नऊ, कोणी साडेआठ. बारीकला पाच, सहा, चार. अपूर्वाच्या छातीवरचा दगड हलला. मग मॅडमचं बोट शेवटच्या रकान्यात गेलं. पिठासारखा नमुना. एक. एक. शून्य. दोन. एक. शून्य. आणि शेवटी आठ.

"हा आठ कोणाचा?"

फ्रेडानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"फ्रेडा!" डोरोथीचा आवाज पुठ्ठ्यावरून आला. "आठ? त्यात काय हाय आठ द्यायला? लोणी हाय ते लोणी!"

"मना लागलं."

"काय लागलं?"

"कचकच."

"आम्हाला सहा जणींना नाय लागलं."

"तुमचं तोंड तुमचं," फ्रेडा म्हणाली आणि या वेळी डोरोथीकडे बघितलं नाही. "पोरीनं सांगितलं, तोंडाला लागेल ते लिव. मी लिवलं."

"पोरीच्या जिवावर उठलीस! हिचं ते सर्टिफिकेट बुडालं तर?"

अपूर्वाला काय वाटावं ते कळेना. फ्रेडाच्या आठानं तिला खोटेपणाच्या आरोपातून सोडवलं होतं आणि त्याच आठानं तिचा निष्कर्ष बुडवला होता. ॲमांडा तिच्या कानाशी म्हणाली, "एकच तर आहे. सोडून दे ना तो कागद."

मॅडमचे कान तीक्ष्ण होते. "निकाल बघून माणूस वगळायचा नसतो, ॲमांडा. ते आकडे बनवण्याचंच सभ्य नाव आहे." त्या फ्रेडाकडे वळल्या. "फ्रेडाबाई, कुठे लागलं? जिभेला, दाताला?"

"इथं." फ्रेडानं टाळूकडे बोट दाखवलं.

"टाळूला?" डोरोथी म्हणाली. "टाळूला कधी कचकच लागते? ऐकलंत? ही बाई—"

पुढचं डोरोथीला बोलता आलं नाही. फ्रेडानं तोंडात हात घातला, चट् असा आवाज झाला, आणि तिनं वरची अख्खी कवळी काढून टेबलावरच्या बशीत ठेवली.

"इथं," ती म्हणाली, आता थोडं बोबडं. "बघा."

कवळीच्या गुलाबी घुमटात दोन बारीक कण चिकटले होते.

खोलीत जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमी पडेल. पाच जणी एकदम बोलायला लागल्या. वागळे मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. अपूर्वाला आठवलं की तिनं पहिल्या दिवशी कवळीबद्दल विचारलं होतं आणि सात माना हलल्या होत्या. अर्बन दारातून डोकावला, बशीकडे बघितलं आणि परत ओट्यावर गेला.

डोरोथी एकटीच शांत होती. तिनं बशीकडे बघितलं, मग फ्रेडाकडे.

"कवळी," ती म्हणाली. "कवा?"

"गेल्या महिन्यात."

"आणि मना सांगितलं नाय?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असती, फ्रेडाला चव कळत नाय आता, चमचा देऊ नका."

"म्हणाली असते," डोरोथी म्हणाली. "पण तोंडावर म्हणाली असते! एवढे दिवस माझ्यासमोर चिकन खाल्लंस, ते काय नाटक होतं?"

"ते कठीण गेलं," फ्रेडा म्हणाली.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "कण आहेत. पण कशाचे, ते नुसतं बघून सांगता यायचं नाही. दळलेल्या दगडपेशी पुन्हा एकत्र येऊन गोळा झाल्या असतील, किंवा न विरघळलेली साखर असेल. लॅबमध्ये थेंब टाकून बघावं लागेल."

"माझ्या दातांवर ॲसिड?" फ्रेडानं बशी ओढून घेतली.

"फक्त कणांवर, फ्रेडाबाई."

कण मोठ्या काळजीनं टाचणीनं काढून चंदेरी कागदात बांधले गेले. फ्रेडानं कवळी धुऊन तोंडात बसवली आणि तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला, फक्त मान थोडी जास्त ताठ होती. मॅडमनी अपूर्वाला ओट्यावर बाजूला घेतलं.

"पहिले आकडे तू बनवले नव्हतेस, हे मला पटलं. ते त्यांनी बनवले, चाखून. जगात तशीही एक पद्धत आहे, चर्चा करून एकमत करायची. पण ती तू वापरलीस म्हणून लिहिलं नव्हतंस, त्यामुळे ते जातील. आजचे सातही कागद राहतील. आता सगळं त्या दोन कणांवर आहे. साखर निघाली तर वडीची कृती दुरुस्त करून तुझं प्रकरण उभं राहील. लिग्निन निघालं तर तुझं पीठ पुरेसं पीठ झालेलं नाही, आणि पुन्हा दळायला फळ नाही."

"पुढच्या हंगामात मॅडम—"

"पुढच्या हंगामापर्यंत तुझी फेलोशिप नाही." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "फ्रेडाबाईंना वगळायचा विचार मनातही आणू नकोस. जगात कवळीवाले थोडे नाहीत, आणि तंतू त्यांनाच जास्त लागतात."

"मी खाल्लं असतं," अर्बन मधेच म्हणाला. "मना कोणी विचारलंच नाय."

मॅडम रिक्षात बसल्या. आत डोरोथी मोठ्या आवाजात विचारत होती की आता नाताळाला हंडी उतरवताना फ्रेडाचं 'झालं' धरायचं की नाही. आणि फ्रेडाचा आवाज, आजवर आळीत कोणी ऐकला नसेल एवढा मोठा, सांगत होता की धरायचं, आणि सगळ्यांच्या शेवटी धरायचं.

*

सोमवारी सकाळी अपूर्वा विभागात पोचली तेव्हा आतल्या प्रयोगशाळेचं दार लावलेलं होतं. मॅडम स्वतः कण घेऊन आत गेल्या आहेत, असं शिपाई धोंडू म्हणाला. काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. त्या फार वेळ हलल्या नाहीत. मग सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या.

दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा हातमोजे अजून हातात होते आणि चेहऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. अपूर्वा उभी राहिली.

"मॅडम, लाल झालं?"

"फ्रेडाबाईंचा फोन नंबर दे," मॅडम म्हणाल्या.

अपूर्वानं दिला. मॅडम आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. ॲमांडा खुर्ची सरकवून दाराजवळ जाऊन बसली. आतून मॅडमचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मधेच एकदा त्या हसल्या, आणि हे विभागात कोणाच्या आठवणीत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत डोरोथीचा ॲमांडाला फोन आला. तिची जाऊ सकाळपासून कोणाशी तरी बोलतेय, दार आतून लावून, आणि विचारलं तर म्हणते, माझं काम चाललंय, साखर विरघळेस्तोवर किती घोटायचं ते मॅडमना सांगतेय.

तीन वाजता मॅडमच्या खोलीचं दार बंद होतं, आणि फ्रेडाचा फोन अजून एंगेज लागत होता.